सातव्याचं दहावं घर



कीर्तन संपतं, आरती होते, प्रसाद वाटून होतो, आणि तरी दोन-चार माणसं मंडपात मागं रेंगाळत राहतात. त्यांचे प्रश्न कीर्तनातले नसतात, घरातले असतात. परवा एक माउली अशीच थांबली होती. हातात मुलीची पत्रिका. म्हणाली, "महाराज, एक मुलगा पसंत आहे. स्वतःचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. गुण जुळले. पण जोशीबुवा म्हणाले, मुलीच्या चौथ्या घरात शनि आहे, नवऱ्याच्या धंद्याला कष्ट आहेत. आता काय करू? नाही म्हणून सांगू का?"

मी काही ज्योतिषी नव्हे. पण घरात वडिलांपासून पंचांग आहे, चार गोष्टी कानावर आहेत. म्हटलं, बसा माउली, बघू शास्त्र काय म्हणतं. तुम्हीही घरातली एखादी पत्रिका काढा आणि बोट ठेवत चला.

कुंडलीत वरचं मधलं घर असतं ना, ते पहिलं, म्हणजे लग्नस्थान. तिथून डाव्या हाताला मोजत निघा. सातवं घर बरोबर त्याच्या समोर, खाली येतं. ते जोडीदाराचं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. आता माणसाचा उद्योग कोणत्या घरावरून बघतात? दहाव्या. त्याला कर्मस्थान म्हणतात. मग जोडीदाराचा उद्योग बघायचा तर काय करायचं? सातव्या घरालाच पहिलं समजायचं आणि तिथून दहा मोजायचे. मोजा. सातवं एक, आठवं दोन, नववं तीन, दहावं चार, अकरावं पाच, बारावं सहा, पहिलं सात, दुसरं आठ, तिसरं नऊ आणि चौथं दहा. आलं ना चौथं? म्हणून नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी-धंदा चतुर्थावरून बघायची रीत आहे. तसंच सातव्याचं दुसरं म्हणजे आठवं घर, तो जोडीदाराचा पैसा. सातव्याचं अकरावं म्हणजे पाचवं, तो त्याचा लाभ.

पुढं बघतात ते ग्रह. सप्तमाचा स्वामी कुठं बसलाय, सप्तमात कोण आहे, चतुर्थात कोण आहे. मुलीच्या पत्रिकेत गुरु हा पतीचा कारक धरतात, मुलाच्या पत्रिकेत शुक्र हा पत्नीचा. आणि प्रत्येक ग्रहाकडं कामं वाटून दिलेली आहेत, बरं का. रवि म्हणजे राजदरबार, आजच्या भाषेत सरकारी अधिकार. चंद्राकडं दूध, पाणी, शुश्रूषा. मंगळाकडं पोलीस, सैन्य, शस्त्रक्रिया. बुधाकडं हिशेब, लेखन, व्यापार. गुरूकडं शिक्षण आणि न्याय. शुक्राकडं कला, वस्त्रं, दागिने. आणि शनीकडं? लोखंड, शेतीचे कष्ट, खाणी, मजुरी. वराहमिहिरांच्या बृहज्जातकात कर्माजीव नावाचा अध्यायच आहे, माणूस कोणत्या कामावर पोट भरील ते सांगणारा.

आता त्या मुलीची पत्रिका घ्या. लग्न कन्या. मग सातवी रास मीन आणि चौथी धनु. दोन्हींचा स्वामी एकच, गुरु. आणि चौथ्यात धनूचा शनि. शास्त्राच्या रीतीनं अर्थ लावला तर काय निघतं? नवरा कष्टाचं, लोखंडाचं काम करणारा, पण वरती गुरूचा अंमल, म्हणजे ज्ञानानं काम करणारा. मी त्या माउलीला म्हटलं, "अहो, मुलाचं गॅरेज आहे म्हणता. नांगराचा फाळ, ट्रॅक्टरचं इंजिन, दिवसभर हात काळे. हा शनि नाही तर कोण आहे? पत्रिकेनं जे सांगितलं तेच तुमच्या दारात उभं आहे. मग भ्यायचं कशाला?" ती जरा हसली. पण काळजी काही गेली नव्हती.

म्हणून दुसरी बाजूही सांगितली. एक लग्न साधारण दोन तास चालतं. शनि एका राशीत अडीच वर्षं राहतो. म्हणजे त्या अडीच वर्षांत रोज त्या दोन तासांत जेवढ्या मुली जन्मल्या, त्या सगळ्यांच्या चौथ्या घरात धनूचा शनि. त्या सगळ्यांचे नवरे काय गॅरेजवाले होणार? सगळ्यांचे धंदे बुडणार? ज्योतिषी म्हणतात, बारकावा नवमांशात आहे. खरं आहे. पण २४ तासांत १०८ नवमांश पूर्वेला उगवून जातात, एकेकाला १३ मिनिटं. आता मला सांगा, तुमच्या घरी बाळ जन्मलं तेव्हा घड्याळ कुणी बघितलं होतं? कुणी म्हणतं गुरं रानातून यायची वेळ होती, कुणी म्हणतं दिवा लावला होता. तेरा मिनिटं तिथंच गेली.

आणि गुणमेलन? ३६ गुण. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७, नाडीचे ८. बेरीज करून बघा. या आठांत नोकरीचा गुण आहे का कुठं? पगाराचा आहे? नाही. आठही गोष्टी चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून काढतात आणि त्या बघतात दोघांचं पटेल का. जुन्या माणसांनी ३६ मधला एकही गुण कमाईला दिला नाही, हे आपण विसरतो आणि बत्तीस गुण जुळले की पोटापाण्याची हमी मिळाली असं समजतो.

आमच्या नात्यात एक आत्या होती. तिच्याही चौथ्यात शनिच. तिच्या वेळी जोशी म्हणाले होते, नवरा यंत्रावर काम करील, नोकरी पक्की. आणि खरंच, नवरा मुंबईला गिरणीत साच्यावर होता. त्या काळी गिरणीतला मुलगा म्हणजे स्थळ कसं? एक नंबर! दर महिन्याला पगार, दिवाळीला बोनस. मग १९८२ चा जानेवारी आला. १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. कित्येक परत कामावर गेलेच नाहीत. आत्याच्या नवऱ्यानं भाजीची हातगाडी लावली. आत्यानं खोलीत खानावळ काढली, दहा-बारा डबे. आता जोशी खोटे ठरले का? शनीनं कष्ट सांगितले, ते खरे झाले. पक्की नोकरी ही माणसानं पदरची घातलेली पुरवणी होती.

आत्या म्हातारपणी सांगायची, "गिरणी गेली त्या दिवशी हे घरी आले आणि डबा तसाच माझ्या हातात दिला. खाल्ला नव्हता. पण मला एक वावगा शब्द बोलले नाहीत." लग्नात गिरणी बघून दिली होती. संसार टिकला तो या न बोललेल्या शब्दावर.

आणि आता मायबापहो, या विषयातली सगळ्यात गोड गोष्ट. चौथं घर जोडीदाराच्या उद्योगाचं, हे मोजून बघितलं. पण मुळात चौथं घर कशाचं? सुखस्थान. माता, वास्तू आणि मनाची शांती यांचं घर. म्हणजे नवऱ्याचं कर्म आणि बायकोचं सुख शास्त्रानं एकाच खोलीत ठेवलंय! तो बाहेर काय करतो आणि संध्याकाळी घरात काय घेऊन येतो, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. मोठा पगार आणून कुणी घरात आदळआपट करील, तर चौथं घर बिघडलंच. काळ्या हातानं येऊन कुणी आधी लेकराला विचारील, जेवलास का, तर ते घर भरलं.

सावित्रीची कथा महाभारतात आहे, वटपौर्णिमेला आपण ऐकतोच. ती मद्रदेशाच्या राजाची मुलगी. तिनं पसंत केला सत्यवान. राज्य गेलेल्या, आंधळ्या बापाचा मुलगा, रानात लाकडं तोडणारा. आणि भविष्य सांगायला कोण, तर प्रत्यक्ष नारद! आपल्या जोशांचं गणित चुकेल, नारदांचं नाही चुकणार. त्यांनी सांगितलं, गुणी आहे, पण आयुष्य एका वर्षाचं. सावित्री म्हणाली, निवड एकदाच होते. नारदांचं बोलणं तिनं खोटं मानलं नाही. खरं मानलं आणि त्या दिवसाची तयारी केली. भविष्य कळल्यावर पळून जायचं की उभं राहायचं, हे कुठल्या घरात लिहिलेलं नसतं. ते आपल्याकडं ठेवलंय देवानं.

म्हणून त्या माउलीला शेवटी एवढंच सांगितलं. पत्रिका बघायची तर बघा, पण त्यानंतर गॅरेजही बघा. न कळवता जा, कामाच्या दिवशी जा. हाताखालच्या पोराशी तो कसा बोलतो बघा. गरीब शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला तर खरं सांगतो की उगाच पार्ट बदलायला लावतो, ते बघा. उधारी किती, कर्ज किती, सरळ विचारा, त्यात लाज नाही. आणि मुलीला विचारा, वाईट दिवस आले तर याच्या शेजारी उभी राहशील का? तिनं मान हलवली, तर शनीला नमस्कार करा आणि अक्षता काढा.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!