दुग्धज्वर

दुधाळ गायींना व म्हशींना विण्याच्या सुमारास होणारा आणि रक्तातील कॅल्शियमाचे प्रमाण एकाएकी घटल्यामुळे उद्‌भवणारा चयापचयजन्य (शरीरात सतत होणाऱ्या रासायनिक घडामोडींतील बिघाडामुळे होणारा) रोग. नावात ज्वर हा शब्द असला, तरी या रोगात ताप येत नाही. उलट गायीचे प्राकृत (सर्वसामान्य) तापमान सुमारे ३८·५° से. असते ते उतरते आणि कान व पाय हातास गार लागतात. नावामुळे होणारी ही दिशाभूल घातक ठरू शकते. कारण ताप नाही म्हणून दुखणे साधे समजले जाते व उपचारास योग्य असे पहिले काही तास निघून जातात.

कारणे : गायीच्या १०० मिलि. रक्तरसात सामान्यतः ८·५ ते १० मिग्रॅ. कॅल्शियम असते. एक लिटर चिकातून सु. २ ग्रॅमपेक्षा अधिक कॅल्शियम बाहेर पडते. मोठ्या गायीच्या एकूण रक्तरसात ते एका वेळी जेमतेम ३ ग्रॅ. असते. म्हणजे दोन लिटर चीक निघाला, तरी रक्तरसातील एकूण साठ्यापेक्षा अधिक कॅल्शियम बाहेर जाते व ते भरून काढावे लागते. ही भरपाई हाडांतून व आतड्यांतून परावटू ग्रंथीचे हॉर्मोन आणि ड जीवनसत्त्व यांच्या साहाय्याने होते; परंतु ही यंत्रणा पूर्ण गतीने चालू होण्यास एक-दोन दिवस लागतात. वाढत्या वयाबरोबर हाडांतून कॅल्शियम सुटण्याचे व आतड्यांतून ते शोषले जाण्याचे प्रमाण मंदावते. म्हणून पहिलारू कालवडींत हा रोग क्वचितच दिसतो, तर तिसऱ्या वेतापासून पुढे त्याचा संभव वाढत जातो.

आढळ : लाल कंधारी व देवणी या मराठवाड्यातील गायींचे दूध मर्यादित असल्यामुळे त्यांच्यात हा रोग विरळा आढळतो. जर्सी व होल्स्टिन फ्रिझियन यांच्या संकरित गायी आणि भरपूर दूध देणाऱ्या म्हशी यांना तो अधिक होतो. नांदेड जिल्ह्यातील किनवट हा तालुका डोंगराळ व वनांचा असून तेथील वाड्या, गुडे व तांडे दूरदूर विखुरलेले आहेत. अशा भागात रात्री गाय बसल्यास पशुवैद्य पोहोचेपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो. या अवधीत जनावर जगणे हे पुष्कळदा गोपालकास रोग ओळखता येण्यावर अवलंबून असते.

लक्षणे : रोग बहुधा व्याल्यानंतर ४८ ते ७२ तासांत होतो, क्वचित विताना किंवा त्याआधीही होतो. प्रथम गाय चारा सोडते, अस्वस्थ होते, दात खाते, मागील पाय आळीपाळीने उचलते व तिचे स्नायू थरथरतात. ही अवस्था अल्पकाळ टिकत असल्याने सहसा नजरेतून सुटते. नंतर गाय छातीवर बसते व मान वळवून तोंड कुशीवर टेकवते. नाकपुड्या कोरड्या पडतात, शेण बंद होते, रवंथ थांबते, नाडी क्षीण होते. अखेरच्या अवस्थेत ती एका कुशीवर आडवी पडते, पोट फुगते व शुद्ध हरपते. उपचार न झाल्यास काही तासांत मृत्यू येतो.

भेद : कास गरम, सुजलेली वा दूध पाण्यासारखे असल्यास तीव्र स्तनशोथाची (दगडीची) शंका घ्यावी. ज्वारीची कोवळी धाटे किंवा फुटवे खाल्ल्यानंतर लगेच धापा टाकून कोसळणाऱ्या जनावरात हायड्रोसायानिक अम्लाची विषबाधा संभवते. घटसर्प व फऱ्या या रोगांत तीव्र ताप येतो. नैसर्गिक छिद्रांतून रक्त येऊन गाय एकाएकी मेल्यास काळपुळीचा संशय धरून शव कापू नये.

प्रथमोपचार : पशुवैद्यास त्वरित बोलवावे. गाय आडवी पडू न देता तिला छातीवर बसते करावे व दोन्ही बाजूंस गवताच्या पेंढ्यांचा अथवा गोण्यांचा आधार द्यावा. खाली मऊ अंथरण असावे व दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. नाहीतर अंगाच्या भाराने मागील पायांचे स्नायू व मज्जातंतू निकामी होऊन गाय बरी झाल्यावरही उठत नाही. या रोगात गिळण्याची शक्ती क्षीण होते. म्हणून बांबूच्या नळ्याने वा बाटलीने काढे, तेल किंवा गूळपाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसशोथ होतो.

उपचार : डॅनिश पशुवैद्य श्मिट यांनी १८९७ मध्ये कासेत पोटॅशियम आयोडाइडाचा विद्राव भरण्याची पद्धत सुरू केली. पुढे कासेत नुसती हवा भरूनही गुण येतो असे दिसून आले. दाबामुळे दूध बनणे थांबून कॅल्शियमाचा व्यय थांबत असे. रोगाचे मूळ कॅल्शियमाच्या न्यूनतेत आहे, हे १९२५ मध्ये ड्रायअर व ग्रेग यांनी मांडले. सांप्रत पशुवैद्य कॅल्शियम बोरोग्लुकोनेटाचा विद्राव शिरेतून अतिशय सावकाश व हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून देतात. वेगाने दिल्यास हृदय बंद पडू शकते, म्हणून हे काम अननुभवी व्यक्तीने करू नये. ढेकर येणे, शेण पडणे व नाकपुड्या ओलावणे ही गुण आल्याची चिन्हे होत. बहुतेक गायी काही तासांत उभ्या राहतात. काहींना रोग पुन्हा उलटतो. म्हणून पुढे दोन दिवस लक्ष ठेवावे व कास पूर्ण रिकामी करू नये.

प्रतिबंध : गाभण गायीस शेवटच्या तीन आठवड्यांत भरपूर कॅल्शियम चारणे हितकर वाटते, पण त्याने हाडांतील साठा वापरण्याची यंत्रणा सुस्त राहते. याच कारणास्तव या काळात लसूणघास मर्यादित ठेवावा. त्यात पोटॅशियमही पुष्कळ असते व तेही या यंत्रणेस बाधक ठरते. पूर्वी हा रोग झालेल्या गायीस व्याल्याबरोबर तोंडाने कॅल्शियम देण्याविषयी पशुवैद्याचा सल्ला विण्यापूर्वीच घ्यावा व तिच्यावर पहिले तीन दिवस, विशेषतः रात्री, पाळत ठेवावी.