गंज चढलेलं एक अक्षर

श्रीवर्धनला घरी गेलं की वाडीतल्या कोयत्यावर हमखास गंज दिसतो. खारी हवा, दुसरं काय! कोयता तोच, वजनही जवळपास तेच. सुपारीचा घड कापायला घेतला की मग फरक कळतो.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हाच फरक विसरलो. दोन्ही गटांत मायक्रोआरएनएचं प्रमाण सारखं आलं आणि मी वहीत ‘बदल नाही’ लिहून मोकळा झालो. गाइडनी विचारलं, "किती आहे ते सांगितलंस. कसा आहे?"

मायक्रोआरएनए साधारण २२ अक्षरांचा. त्यापासून प्रथिन बनत नाही. प्रथिन बनवणाऱ्या दुसऱ्या आरएनएला चिकटून तो त्याचं काम दाबतो. कोणाला चिकटायचं, हे मुख्यतः २ ते ८ या अक्षरांवर ठरतं.

आता हृदयाच्या स्नायूत भरपूर असणारा एमआयआर-१ घ्या. त्याचं सातवं अक्षर ‘जी’. हृदयावर ताण आला की पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढतात आणि या ‘जी’चं ८-ऑक्सोग्वानिन होतं. गंजच म्हणा ना! साधा ‘जी’ ‘सी’शी जोडी जमवतो, हा ‘ए’शीही जमवतो. म्हणजे टपाल तेच, पत्ता बदलला. भलतीच जनुकं दाबली जातात आणि हृदयाच्या पेशी फुगू लागतात. असा ताण चालूच राहिला तर पुढे हृदय निकामी होण्याकडे वाटचाल होते.

हे २०२० मध्ये कोरियातल्या एका गटाने ‘नेचर’मध्ये मांडलं. पण आजारी हृदयात ऑक्सिडेशन दिसणारच, त्यात काय नवल? मला पटलं ते पुढच्या प्रयोगामुळे. नुसता हा बदललेला एमआयआर-१ उंदरांना दिला, तरी हृदय वाढलं; आणि त्यालाच अडवणारा रेणू दिल्यावर वाढ कमी झाली. कारण आणि परिणाम वेगळे करायचे ते असे. पेपर वाचताना हा भाग आधी शोधत जा.

आणि एक सावधगिरी. नेहमीची क्यूपीसीआर बहुधा फक्त प्रमाण सांगते. सिक्वेन्सिंगमध्ये हा बिघडलेला ‘जी’ बऱ्याचदा ‘टी’ म्हणून वाचला जातो, आणि आपण ती मशीनची चूक समजून गाळून टाकतो. गाळण्याआधी ती चूक ठरावीक जागीच येतेय का, तेवढं बघा.

आजोबांच्या टूडी इकोत हृदयाची भिंत जाड आलीय. आजी विचारते, "तुझ्या त्या अक्षराचं औषध कधी येणार रे?" मी सांगतो, अजून उंदरांपर्यंतच पोचलंय. मग ती आजोबांच्या गोळ्यांचा डबा काढते.