रक्तवाहिन्यांच्या आत – भाग ६ : शिरेचं अस्तर आणि सर्जनचे हात

गेल्या आठवड्यात आपण रक्तवाहिनीचं आतलं अस्तर पाहिलं. पेशींचा जेमतेम एक थर, नाव एंडोथेलियम. नळाला आतून दिलेल्या गुळगुळीत लेपापलीकडे त्याला काही काम असेल, असं फार काळ कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ब्रुकलिनचे रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करत होते. अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन दिलं की काही तुकडे सैल पडत, काही मात्र आकसत. फरक होता अस्तराचा. कापताना आतली बाजू घासली गेलेला तुकडा सैल पडतच नव्हता. हे त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. अस्तरातून वाहिनी सैल करणारा पदार्थ सुटतो आणि तो म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे कळलं, आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना नोबेल मिळालं.

सशाच्या धमनीचं जे झालं, तेच बायपासच्या वेळी माणसाच्या शिरेचं होऊ शकतं.

हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा घालणारी वाट म्हणून जोडायला पायातली लांब शीर काढतात, तेव्हा ती आकसते. मग सिरिंजने आत द्रव भरून ती फुगवायची, गळते का ते पाहायचं, ही जुनी रीत. हाताने दिलेल्या त्या दाबाला मोजमाप नसतं. शिरेला सवय मंद दाबाची. एवढ्या ताणाने अस्तराच्या पेशी सोलून निघतात. जिथे अस्तर नाही तिथे रक्ताच्या बिंबिका चिकटतात, गुठळी धरते. म्हणून काही शिरा पहिल्या महिन्यातच बंद पडतात. ज्या तगतात, त्यांची भिंत धमनीच्या दाबाखाली हळूहळू जाड होते आणि वर्षांनंतर तिच्यातही चरबी साठू लागते. दहा वर्षांत अशा जवळपास निम्म्या शिरा निकामी झाल्याचे आकडे पूर्वीपासून सांगितले जातात. छातीच्या आतल्या बाजूची धमनी, जिला डॉक्टर ‘लिमा’ म्हणतात, ती बायपाससाठी वापरली तर तेवढ्याच काळात दहापैकी नऊ जणांत चालू राहते. तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतं, हे त्याचं एक मोठं कारण.

स्वीडनमधल्या ओरेब्रोच्या डोमिंगोस सूझा यांनी १९९० च्या दशकात शीर काढण्याची पद्धतच बदलली. भोवतालच्या चरबीच्या गादीसकट ती काढायची, थेट चिमट्यात धरायची नाही, फुगवायची नाही. चरबी सोबत असल्याने शीर आकसत नाही, त्यामुळे फुगवण्याची गरजच उरत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि अशा शिरा जास्त काळ चालतात. मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही, फक्त हात हलका. किंमत मात्र पायाला मोजावी लागते : जखम मोठी, भरायला वेळ, आणि मधुमेह असेल तर चिघळण्याची भीती. म्हणून पायाचा विचार आधी करूनच सर्जन ही पद्धत निवडतो.

रुग्णाचं अस्तर आधीच आजारी असेल, तर सर्जनच्या हलक्या हातालाही मर्यादा पडते. तंबाखूचा धूर आणि वर्षानुवर्षं चढलेली साखर नायट्रिक ऑक्साइड कमी करतात. ऑपरेशनआधी सिगारेट सोडा असं डॉक्टर बजावतात, ते फुप्फुसांइतकंच या अस्तरासाठीही असतं. आणि ऑपरेशननंतर पुन्हा ओढलेली सिगारेट तर थेट नव्या जोडलेल्या शिरेच्या अस्तरावर जाते. घरच्यांनी हे रुग्णाला समजावून सांगावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुढच्या आठवड्यात याच अस्तरावरच्या साखरेच्या लवीबद्दल : मोठ्या ऑपरेशननंतर हातपाय का सुजतात ते पाहू.