साज आधी पाठीला बसला पाहिजे
घोडा आणि डोंगरवाट : लेखांक ५

चढ-उतारावर स्वाराने तोल कसा सांभाळावा, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता साजाकडे वळू. नवखा स्वार खोगीर घ्यायला गेला की बैठक मऊ आहे का, चामड्याला चकाकी आहे का, हे आधी पाहतो. खोगीर उलटं करून त्याची खालची बाजू मात्र फार थोडे जण तपासतात. घोड्याच्या पाठीशी गाठ असते ती त्याच बाजूची.

पाठीची रचना समजली की निवड सोपी होते. घोड्याला बरगड्यांच्या साधारणपणे १८ जोड्या असतात. खांद्याच्या हाडामागून शेवटच्या बरगडीपर्यंतचा भाग भार पेलू शकतो. त्याच्या मागे कमरेला बरगड्यांचा आधार नाही, म्हणून खोगिराचा भार तिथे पोचता कामा नये. खोगीर पुढे सरकवून बसवलं तर खांदा मोकळा हलत नाही, पावलं आखूड पडतात आणि दगडगोट्यांच्या वाटेवर घोडा ठेचकाळतो. कणा तर पूर्ण मोकळा हवा. खोगिराच्या दोन गाद्यांमधल्या पन्हळीत तीन-चार बोटं मावावीत. मानेच्या मुळाशी जो हाडाचा उंचवटा असतो, त्याच्यावर स्वार बसल्यानंतरही दोन-तीन बोटं जागा उरावी. अमेरिकी लष्कराने १८५९ साली स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिरात तर बैठकीच्या मधोमध लांबट फट ठेवलेली होती. तिच्यामुळे कण्यावर दाब येत नसे आणि वारा खेळत राही.

खोगिराखाली नमदा किंवा जाड सुती घडी घालतात. ती घाम शोषते, घर्षण कमी करते. पण अरुंद खोगिराखाली आणखी एक घडी कोंबणं म्हणजे चावणाऱ्या बुटात दुसरा मोजा घालण्यासारखं आहे. दाब त्याने वाढतोच. घडी अंथरल्यावर तिचा मधला भाग वर ओढून पन्हळीत घ्यावा, म्हणजे ती कण्यावर ताणली जात नाही. तिच्याखाली काडी किंवा वाळूचा खडा राहिला, तरी दिवसभरात पाठ सोलवटते.

आता माथेरानची वाट डोळ्यांसमोर आणा. मोटारींना तिथे बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे घोडा हे आजही नेहमीचं वाहन आहे. जांभ्याची लाल धूळ, उघडी पडलेली मुळं, सुटे दगड आणि सतत चढ-उतार. सपाट मैदानात जागचं न हलणारं खोगीर इथे चढावर मागे घसरतं आणि उतारावर खांद्यावर येतं. ते मागे जाऊ नये म्हणून छातीवरून पेशबंद घेतात, पुढे येऊ नये म्हणून शेपटीखालून दुमची. दोन्ही सैलसर हवेत. मुळात न बसणारं खोगीर जागेवर धरून ठेवणं हे त्यांचं काम नाही. दुमचीचा शेपटीखालचा भाग गोल, मऊ आणि स्वच्छ असावा, कारण तिथली कातडी नाजूक असते.

तंग कोपरामागे चार बोटं सोडून बांधावा आणि टप्प्याटप्प्याने कसावा. कसताना बरेच घोडे छाती फुगवतात. म्हणून थोडं चालवून, स्वार होण्याआधी तो पुन्हा तपासावा. रिकीब बुटाच्या रुंदीपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद हवी. अरुंद रिकिबीत पाय अडकतो, फार रुंद रिकिबीतून तो आरपार जातो. दोन्ही वेळी पडलेला स्वार फरफटत जाण्याचा धोका असतो. टाचेचा बूट घालायचा तो याचसाठी.

लगामाची कडी साधी, गुळगुळीत पुरते. वाटेत थांबल्यावर घोडा लगामाने कधीही बांधू नये. तो दचकून मागे हटला की कडी तोंडाला इजा करते. त्यासाठी मोहरकी आणि दोर वेगळे ठेवावेत आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारावी.

वजनाचा हिशोबही साजातच येतो. स्वार आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नसावा, असा जुना आणि आजही उपयोगी दंडक आहे. ३०० किलोच्या घोड्याला ६० किलो म्हणजे शिकस्त. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या धर्तीचं जड खोगीर एकटंच १५ किलोच्या आसपास भरतं. आपल्याकडच्या लहान चणीच्या घोड्यांना ते शोभलं, तरी सोसवत नाही.

रपेटीनंतर खोगीर उतरवलं की पाठ नीट पाहा. घाम दोन्ही बाजूंना सारखा आलेला असावा. ओल्या पाठीवर मधेच कोरडा चट्टा दिसला, तर तिथे जास्त दाब पडत असण्याची शक्यता असते. खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर ते बहुधा जुन्या जखमांचे असतात. घोडा भाड्याचा असेल, तर बसण्याआधीच घोडेवाल्याला खोगीर उचलून दाखवायला सांगा. पाठ सोलवटलेली असेल, तर त्या घोड्यावर बसू नका. गिऱ्हाईक पाठ बघून घोडा निवडतं हे कळलं, की घोडेवालाही पाठ जपायला लागेल. त्याचं पोट त्याच पाठीवर चालतं.

पुढच्या आठवड्यात : खूर आणि नाल.