शिकाऊ उड्डाणातील अपघात आणि ‘कारण’ या शब्दाची व्याप्ती

विमान-अपघाताची चौकशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोठे प्रवासी विमान आणि त्यातील ध्वनिमुद्रण करणारी पेटी येते. उड्डाण-शिक्षणासाठी वापरले जाणारे दोन आसनांचे, एका इंजिनाचे विमान कोसळते तेव्हा परिस्थिती वेगळी असते. त्यात अशी पेटी बहुधा नसते. विमानातील माणसे मृत झालेली असतील तर सांगणारेही कोणी उरत नाही. उरतो तो मोडक्या धातूचा ढीग, जमिनीवरील काही खुणा, बिनतारी संदेशांचे मुद्रण आणि विद्यार्थ्याची उड्डाण-नोंदवही. एवढ्या सामग्रीवरून अन्वेषक कोणत्या निष्कर्षापर्यंत जाऊ शकतो, आणि त्या निष्कर्षाला ‘कारण’ हे नाव कोणत्या अर्थाने देता येते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपेक्षेपेक्षा आशादायक आहे. निर्जीव वस्तू पुष्कळ बोलतात. जमिनीवर आदळताना इंजिन जोराने चालू असेल तर पुढील पंख्याची पाती पिळवटतात, त्यांची टोके पुढच्या बाजूस वाकतात आणि पात्याच्या रुंदीच्या दिशेने ओरखडे उमटतात. पंखा थांबलेला असेल तर जमिनीला लागलेले पाते साधारणतः नुसते मागे वाकते. सूचक दिव्यातील तापलेली तार आघाताने ताणली जाऊन लांबते, तर विझलेल्या दिव्याची थंड तार तुटते तेव्हा ती ठिसूळपणे तुटते. म्हणून आघाताच्या क्षणी कोणता दिवा लागलेला होता हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरविता येते. वेगमापकाचा काटा आघातामुळे तबकडीवर आपटतो आणि कित्येकदा तेथे आपली खूण ठेवून जातो. सुकाणूकडे जाणारी पोलादी दोरी ओढ असह्य होऊन तुटली असेल तर तिचे धागे केरसुणीसारखे विस्कटतात. तसे दिसले तर ती आदळण्यापूर्वी अखंड होती असे बहुशः मानता येते. अवशेष दूरवर विखुरलेले नसून एका ठिकाणीच दाबले गेले असतील, तर विमान पुढे जाण्यापेक्षा खाली अधिक येत होते, असे अनुमान निघते.

परंतु काही पुरावा स्वभावतःच नाशवंत असतो. दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरून इंजिन गुदमरू शकते; अन्वेषक पोचेपर्यंत तो बर्फ वितळून गेलेला असतो, आणि मग त्या दिवशीचे तापमान व हवेतील आर्द्रता यांवरून केवळ शक्यता वर्तवावी लागते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार प्रामाणिक असूनही ‘आधी इंजिन बंद पडले, मग विमान पडले’ असे सांगतात. विमानाची दिशा बदलली की आवाजही बदलतो, हे त्यांना ठाऊक नसते. प्रशिक्षक आणि विद्यार्थी दोघेही विमानात असतील तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. दोघांच्याही हाती नियंत्रणे असतात. त्या क्षणी विमान कोण चालवीत होते? वैद्यकीय तज्ज्ञ हातापायांच्या अस्थिभंगांवरून याचा अंदाज घेतात, पण तो अंदाजच असतो.

यानंतर अपघाताच्या यंत्रशास्त्रीय बाजूकडे वळू. शिकाऊ उड्डाणातील एक जुना आणि घातक अपघात-प्रकार म्हणजे कमी उंचीवर, कमी वेगात, वळण घेताना होणारा ‘स्टॉल’. विमानाचा पंख समोरून येणाऱ्या हवेशी ठराविक मर्यादेपेक्षा मोठा कोन करू लागला की त्याच्या वरील पृष्ठावरचा प्रवाह सुटतो आणि उचलणारे बल एकाएकी घटते. इंजिन बंद पडण्याशी याचा संबंध नाही. वळताना विमान कलते, आणि उंची न गमावता वळावयाचे तर पंखांना विमानाच्या वजनाहून अधिक बल निर्माण करावे लागते. म्हणून स्टॉलचा वेगही वाढतो. कल 30 अंशांचा असेल तर ही वाढ सुमारे 7 टक्के, 45 अंशांचा असेल तर 19 टक्के आणि 60 अंशांचा असेल तर 41 टक्के असते. दोन्ही पंख एकदम निकामी झाले नाहीत तर विमान एका अंगावर कलंडते आणि गिरक्या घेऊ लागते. त्यातून सुटण्याची रीत शिकविली जाते, परंतु तिला शेकडो फूट उंची खर्ची पडते. उतरण्याच्या बेतात असलेल्या विमानाजवळ ती नसते.

या एकाच प्रकारच्या अपघाताची, चौऱ्याण्णव वर्षांच्या अंतराने झालेली दोन इंग्लिश उदाहरणे येथे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. 13 मे 1912 रोजी ब्रुकलंड्स येथे फ्लँडर्स बनावटीचे एकपंखी विमान कोसळून वैमानिक फिशर व त्याचा प्रवासी मृत्यू पावले. हे शिकाऊ उड्डाण नव्हते, हे खरे. परंतु रॉयल एअरो क्लबच्या समितीने केलेली त्याची चौकशी ही नागरी विमान-अपघाताच्या पद्धतशीर चौकशीचा आरंभ मानली जाते. समितीचा निर्णय असा की, विमान शेपटीकडे झुकलेल्या अवस्थेत वळविण्यातील धोका वैमानिकाने पुरेसा ओळखला नाही, सबब अपघाताला तोच कारण झाला. निर्णय वस्तुस्थितीला धरून आहे. पण त्यापुढे काही करता येण्याजोगे त्यात फारच थोडे आहे.

दुसरा अपघात 19 जुलै 2006 रोजी साउथएंड येथे घडला. सोळा वर्षांचा एक विद्यार्थी सेसना 150 या विमानातून आयुष्यातील दुसरे एकल उड्डाण करीत होता. तो धावपट्टीच्या रोखाने उतरत असता मागून अधिक वेगवान विमान येत होते. नियंत्रकाने त्याला प्रथम न उतरता पुढे जाण्यास सांगितले, आणि लगेच ती सूचना मागे घेऊन डावीकडे वळून उत्तरेस जाण्यास सांगितले. विमान वळले, त्याचा वेग गेला, आणि ते वस्तीतील एका उद्यानात कोसळले. विद्यार्थी मरण पावला.

अनुभवी वैमानिकाला ही सूचना किरकोळ वाटली असती. नवशिक्याला उतरण्याचा बेत रद्द करण्याची एक ठराविक क्रिया पाठ करविलेली असते: इंजिनाला पूर्ण जोर द्यावयाचा, वर उसळू पाहणारे नाक दाबून धरावयाचे, फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटावयाचे, आणि हे सर्व सरळ रेषेत जाताना. त्या क्रियेच्या ऐवजी, तिच्या ऐन मध्यावर, वळण्याची आज्ञा आली की शिकलेला क्रम मोडतो आणि त्याच्या जागी दुसरा क्रम त्याच्यापाशी नसतो. चौकशीचा रोख येथेच होता. अहवालाचा आशय असा की, विद्यार्थ्यापुढे जो प्रसंग आला त्याला तोंड देण्यास त्याचे शिक्षण आणि अनुभव यांनी त्याला सिद्ध केलेले नव्हते.

1912 च्या समितीची भाषा येथेही शब्दशः लागू करता आली असती: वैमानिकाने वेग सांभाळला नाही. हे विधान खोटे ठरले नसते, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. कॉलिंगवुड या तत्त्वज्ञाने 1940 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तत्त्वमीमांसेवरील ग्रंथात मोटार-अपघाताचे उदाहरण घेतले आहे. वळणावर मोटार उलटली तर चालकाच्या दृष्टीने कारण म्हणजे अति वेग, रस्त्याच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने रस्त्याचा सदोष पृष्ठभाग किंवा उतार, आणि कारखानदाराच्या दृष्टीने गाडीची रचना. ज्याच्या हाती जे बदलणे असते ते त्याच्यापुरते कारण. आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतूक संघटनेच्या, 1951 साली प्रथम स्वीकृत झालेल्या तेराव्या परिशिष्टात आज चौकशीचा हेतू अपघात टाळणे हा सांगितला आहे, दोष ठरविणे हा नाही. त्यामागे हाच विचार आहे, असे मला वाटते. मृत विद्यार्थ्याच्या हाती काहीच उरलेले नाही. त्याच्या वर्तनाला ‘कारण’ म्हणून थांबणे म्हणजे ज्याला आता काहीही बदलता येणार नाही अशाच एका व्यक्तीच्या नावे निष्कर्ष काढणे होय.

यावर आक्षेप येईल की अशाने जबाबदारी विरघळून जाईल, आणि नियंत्रकालाही कोणी असे का सांगितले, मागचे विमान तेथे का आले, असे विचारीत मागे मागे जाता येईल. आक्षेप निराधार नाही. न्यायालयाला कोठेतरी थांबावेच लागते. अन्वेषकही थांबतो, पण त्याची थांबण्याची जागा निराळी असते. नियंत्रकालाच दोषी धरणे हा तर 1912 चाच निर्णय एक खुर्ची पलीकडे सरकविणे झाले असते. आकाशातून येणारा आवाज दुसऱ्यांदा एकट्याने उडणाऱ्या मुलाचा आहे की वीस वर्षे उडणाऱ्या माणसाचा, हे संदेशाच्या ठरीव शब्दांतून कळण्याची सोय तेव्हा नव्हती. तेथे बदल करता येण्यासारखा होता, आणि तो करविला गेला. ब्रिटनमध्ये एकट्याने उडणारा नवशिका विद्यार्थी नियंत्रकाशी बोलताना आता विमानाच्या संकेतनामाआधी ‘स्टूडंट’ हा एक शब्द जोडतो, आणि त्याला सूचना देताना त्याच्या अल्प अनुभवाची जाण ठेवणे हे नियंत्रकाच्या कामाचा भाग झाले आहे.