केस गळतात म्हणून तेल बदलण्याआधी

खोडव्यातले पाचट जाळू नये हे सांगायला आम्ही घाटाखाली वैभववाडीकडच्या एका गावी गेलो होतो. सभासदाच्या पडवीत बैठक झाली, चहा आला, आणि माजघरातून सभासदाच्या आईने विचारले, "साहेबांनू, उसाक औषध सांगतास, मगे आमच्या सुनेच्या केसांक काय सांगशात? मूठ मूठ केस येतत." सून चार महिन्यांची बाळंतीण. न्हायले की जास्त जातात, म्हणून पंधरा दिवस तिने डोक्यावरून पाणी घेतले नव्हते. आहेत ते तरी टिकावेत म्हणून सासूबाई रोज तेल चोपडून तिचा अंबाडा घट्ट आवळून देत होत्या.

आम्ही पडलो शेतकी पदविकेचे. मंडळी हसली आणि विषय तिथेच राहिला. आमच्या मनातून मात्र गेला नाही, कारण अशीच चूक आमच्या घरी झाली होती. आमचे घर मालवणच्या किनाऱ्यावर. मुलगी कॉलेजला जाताना केस मागे ओढून रबरबँडने बांधायची. कानांवरच्या बाजूचे केस विरळ झाले तेव्हा आम्ही म्हणालो, तेल कमी पडते, चांगले चोळ. वर्षभर तेच चालले. शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी केस बघितले नाहीत, आधी रबरबँड सोडायला लावले. म्हणाल्या, "तेलाचा दोष नाही, ओढीचा आहे." आता ती वेणी सैल घालते. एका बाजूचे केस भरून आले, दुसरी बाजू अजून विरळच आहे.

त्यांनी समजावले ते आमच्या भाषेत सांगतो. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. एक केस काही वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर. मग दोन-तीन महिने विसावतो आणि गळतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस असे जातातच. उसाचा खालचा पाला वाळून गळाला म्हणून ऊस मेला असे आपण म्हणत नाही. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा दाणा दिसतो. तो पाहून बायामाणसे घाबरतात, "मुळासकट इलो" म्हणतात. पण ते मूळ नव्हे. मूळ टाळूतच राहते आणि तिथूनच नवा केस येतो, बुडख्यातून खोडवा फुटावा तसा. दाणाच नसेल तर तो केस गळलेला नाही, मधेच तुटलेला आहे.

बाळंतपण, मोठा ताप, शस्त्रक्रिया, उपासमार यानंतर दोन-तीन महिन्यांनी पुष्कळ केस एकदम विसाव्याला जाऊन गळतात. म्हणून कालच्या साबणाला दोष देऊन उपयोग नाही, तीन महिने मागे जाऊन आठवावे लागते. ही गळ बहुधा सहा महिने ते वर्षभरात आपोआप भरून येते. न्हाणे बंद केल्याने ती थांबत नाही. रोज गळायचे ते केस गुंत्यात अडकून राहतात आणि न्हायच्या दिवशी एकदम हातात येतात, एवढेच.

ओढीचे तसे नाही. घट्ट अंबाडा, आवळलेली वेणी, त्यात जड गजरा रोज त्याच जागी खोचलेला, याने कपाळाची कड आणि कानांवरची बाजू मागे सरकते. वेळीच सैल केले तर केस येतात. वर्षानुवर्षे ओढ चालू राहिली तर मूळच मरते, मग कोणतेही तेल चालत नाही. सुरंगीची वेणी, अबोलीचा गजरा माळू नये असे आम्ही म्हणणार नाही, ते म्हणण्याची आमची घरी छातीही नाही. जागा बदलावी आणि सैल खोचावे. आपल्याकडे पावसाचे चार महिने केस वाळतच नाहीत, आणि कामाच्या घाईत बायका ओलेच बांधतात. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. ओल्यावर बारीक फणी ओढणे, पंचाने खसाखसा पुसणे, हे त्याच जातीचे. टिपून घ्यावे, बोटांनी गुंता सोडवावा, मग मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून वर न्यावा. मासळीची पाटी किंवा उसाची मोळी डोक्यावर वाहणाऱ्या भगिनींनी चुंबळ मऊ कापडाची करावी आणि तिच्याखाली आवळलेली गाठ ठेवू नये.

खोबरेल तेलाला आमचा विरोध नाही. धुण्याआधी लावले तर केसातली प्रथिने कमी जातात, असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केले आहे. पण ते केसाच्या काडीचे रक्षण झाले, गळती त्याने थांबत नाही. आणि जोरात चोळल्याने तर सुटायला आलेले केस त्याच दिवशी निघतात. कोंडा असेल तर टाळूवर चार-चार दिवस तेल मुरवत ठेवू नये. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, गोड पाण्याने धुतले की झाले.

सगळेच सवयीचे असते असेही नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, काळवड आदी गावांत माणसांचे केस काही दिवसांतच गेले, कित्येकांना टक्कल पडले. पाणी, शाम्पू, बुरशी अशा सगळ्यांवर संशय गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांना विंचूदंशावरील उपचारामुळे कोकण ओळखते, त्यांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. त्यावर वादही झाले. एवढे मात्र खरे, की अशा वेळी तेल बदलत बसण्यात अर्थ नसतो. केस अचानक झुपक्यांनी गेले, गोल चट्टा पडला, किंवा गळतीबरोबर थकवा असला तर रक्त तपासून घ्यावे. रक्त कमी असणे आणि थायरॉईड ही तर घरोघरची कारणे. पीक पिवळे पडले की आपण माती तपासतो, हेही तसेच.

पुढच्या फेरीला आम्ही डॉक्टरीणबाईंचे सांगणे त्या पडवीत जसेच्या तसे पोचवले. सासूबाईंना पटले नाही. "घट बांधल्याशिवाय केस रवतले कशे?" हा त्यांचा प्रश्न. पण मुलगा सुनेला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेला. हिमोग्लोबिन कमी निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गळीत हंगाम सुरू होताना तोडणीची तारीख सांगायला गेलो, तेव्हा ती अंगणात बाळाला घेऊन उभी होती. कपाळावर जावळासारखे बोटभर उभे केस आले होते. सासूबाई म्हणाल्या, "हे बघा, आता ते बसनतच नाय, तेल लावूक होया."

थोडेच लावा, असे सांगून आम्ही तोडणीच्या तारखेकडे वळलो.