थेंबाची प्रतीक्षा

संशोधन म्हटले की गंभीर चेहरा आणि त्याहून गंभीर अहवाल, असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु सरस्वतीच्या या दरबारात हसू यावे अशा गोष्टी थोड्याथोडक्या घडत नाहीत. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे क्वीन्सलँड विद्यापीठाचे प्राध्यापक थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली तापवलेले पिच काचेच्या नरसाळ्यात ओतले. पिच म्हणजे पूर्वी होड्यांच्या फटी बुजवण्यासाठी वापरीत ते डांबरासारखे काळे द्रव्य. हातोडा मारला तर काचेसारखे फुटणारे. तरीही ते द्रवच आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवावे एवढाच हेतू. तीन वर्षे ते निवू दिले, १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड कापले, आणि पहिला थेंब पडला तो १९३८ मध्ये!

पुढे १९६१ पासून जॉन मेनस्टोन यांनी या नरसाळ्याची राखण केली. १९७९ चा थेंब ते घरी असताना पडला. १९८८ साली काही मिनिटे पेय आणण्यास बाहेर गेले, तेवढ्यात थेंबाने डाव साधला. २००० साली कॅमेरा लावला, तर ऐन वेळी तोच बिघडला. ऑगस्ट २०१३ मध्ये मेनस्टोन निवर्तले. नववा थेंब त्यानंतर आठ महिन्यांनी सुटला. बावन्न वर्षे पहारा करून या गृहस्थांना एकही थेंब पडताना दिसला नाही. आधी हसवणाऱ्या व मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल मात्र २००५ साली त्यांना व दिवंगत पार्नेल यांना मिळाले.

जनतेच्या पैशावर हे चोचले कशाला, असा प्रश्न कोणी करील. केरळ कृषी विद्यापीठातील दोघा संशोधकांनी उंची व पुढच्या पायाच्या तळव्याचा परीघ यांवरून हत्तीच्या कातडीचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र दिले, तेव्हाही लोक हसलेच. २००२ चे इग नोबेल त्यांचे. चुंबकाच्या जोरावर बेडूक अधांतरी तरंगवणारे आंद्रे गाइम २००० साली याच थट्टेचे मानकरी होते. त्यांनाच पुढे, चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा थर सोलून मिळवलेल्या ग्रॅफीनसाठी, २०१० चे खरे नोबेल विभागून मिळाले. प्रत्येक विक्षिप्ताच्या पोटात नोबेल दडलेले असते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु उपयोगाचा दाखला आधी जोडा, मगच अनुदान मागा, हा कारकुनी आग्रह आम्हांस अधिक हास्यास्पद वाटतो. पार्नेल यांनी तो दाखला कोठून आणला असता? पिच पाण्याहून सुमारे २३० अब्ज पट घट्ट आहे, हे त्याच नरसाळ्यावरून कळले. आणि त्यात अजून शंभर वर्षे तरी पुरेल एवढे पिच शिल्लक आहे.